बेस गिटार गप्प झाली की घुमायला लागली? खाऱ्या हवेत या चुका टाळा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पडवीत ओल्या छत्र्यांच्या शेजारी गिटारीच्या बॅगा टेकवलेल्या असतात. बेंजो पार्टीवाले, ऑर्केस्ट्रावाले, चर्चमधल्या लग्नांत वाजवणारी पोरं, सगळ्यांना एकदमच आठवतं की शिमग्यापासून बेस नीट चालत नाहीये. "काका, पिकअप गेलो वाटता," हे दारातच ऐकू येतं. पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारं चुंबकाचं वेटोळं, क्वचितच गेलेला असतो. वेंगुर्ल्यात समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या जवळ माझं घर आहे, आणि हे काम मी निव्वळ हौसेने करतो. गेल्या पंचवीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या बेस बहुतेक अशाच होत्या : खाऱ्या हवेने अर्ध्या बिघडवलेल्या आणि कुणीतरी दुरुस्त करायला गेल्यामुळे पुरत्या बिघडलेल्या. त्या 'कुणीतरी'त मीही आलो.

सैल जॅक बाहेरून आवळणं

केबल घालायचा जॅक वाजवून वाजवून सैल होतो. मग कुणीतरी पक्कड घेऊन बाहेरचा नट आवळतो. नटाबरोबर आतला जॅकही फिरतो आणि त्याच्या वायरींना पीळ बसतो. दोन-तीनदा असं झालं की एक वायर तुटते, आवाज बंद होतो आणि खापर पिकअपवर फुटतं. जॅकची पट्टी उघडा, आतून जॅक बोटांनी घट्ट धरा आणि मग नट आवळा. खाली दातेरी वॉशर नसेल तर घाला. एवढंच काम आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या मुक्या बेसपैकी सगळ्यात जास्त या एकाच कारणाने मुक्या झालेल्या असतात.

न मोजता उघडणं

बेस बंद पडली की आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची सवय मोडा. पॅसिव्ह बेस, म्हणजे बॅटरी नसलेली, न उघडताही तपासता येते. केबलचं एक टोक बेसमध्ये घाला, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे ठेवा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मल्टिमीटर लावा : एक काडी टोकाला, दुसरी दांड्याला. प्रिसिजन आणि जॅझ या फेंडर कंपनीच्या बेसच्या दोन घडणी. प्रिसिजन पद्धतीच्या पिकअपला साधारण १० किलोओहम दिसायला हवेत. जॅझ पद्धतीत दोन पिकअप समांतर जोडलेले असतात, प्रत्येकी ७-८ किलोओहमचे, म्हणून दोन्ही उघडे असताना ४ च्या आतबाहेर आकडा येतो. शून्य आलं तर कुठेतरी दोन वायरी चिकटल्यात. काहीच आलं नाही तर वायर तुटली आहे किंवा केबलच खराब आहे. केबल बदलून पुन्हा मोजा. अडीचशे किलोओहमच्या आसपास आकडा आला तर मात्र पोरगा बरोबर बोलत होता : तुम्हाला फक्त व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोध) दिसतोय, पिकअपची तार खरंच तुटलीय.

प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत येतो, दोन तारांना एक तुकडा. दोन्ही तुकडे एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एकातली वायर तुटली की चारही तारांचा आवाज जातो. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा, अख्खा पिकअप फेकू नका. आतली तांब्याची तार केसाएवढी बारीक असते. किनाऱ्यावर ती बहुधा मधोमध तुटत नाही, टोकाला जिथे जाड वायरीला जोडलेली असते तिथे हिरवी पडून सुटते. भिंग आणि धीर असेल तर ते टोक पुन्हा जोडता येतं.

नळाची पेस्ट, खेळण्यातली कावी

डाख देण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. सुरुवातीला हार्डवेअरच्या दुकानातून सोल्डरिंग पेस्टची डबी आणली. डाख झकास धरला, दिसायलाही चकचकीत. पण ती पेस्ट पत्र्याच्या कामाची होती, आम्लाची. एक पावसाळा गेला आणि व्हॉल्यूमच्या पॉटवरचे सगळे सांधे हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारखे फुलले. आम्ल, मीठ आणि ओल एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? तेव्हापासून फक्त रोझिन पोटात असलेली साठ-चाळीसची सोल्डर तार वापरतो आणि वेगळी पेस्ट लावत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. २५ वॅटची कावी (सोल्डरिंग आयर्न) वायरीला पुरते, पण पॉटच्या पाठीवर अर्थची वायर लावायला ती अपुरी पडते. पॉटचं पत्र्याचं कवच सगळी उष्णता पिऊन टाकतं. मग माणूस कावी मिनिटभर दाबून ठेवतो, आतली कार्बनची पट्टी भाजते आणि डाख वरवर गोळ्यासारखा बसतो. नखाने उचकटला तर टपकन निघतो. पॉटची पाठ पॉलिशपेपरने घासून पिवळट थर काढा, ४०-६० वॅटची रुंद टोकाची कावी घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम संपवा. चांगला डाख पसरलेला असतो, थेंबासारखा उभा नसतो.

पॉट खरखरतो म्हणून त्यात गंजावरचा तेलकट स्प्रे मारणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही, नुसतं बघतो. खरखर दोन दिवस थांबते, मग त्या तेलात धूळ बसते. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो थोडा मारून पॉट वीस-तीस वेळा फिरवा. त्याने भागलं नाही तर पॉट बदला : साध्या बेसला २५० के, आणि टोनवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. हजारो रुपयांचे 'व्हिंटेज' कंडेन्सर घेऊ नका. मूल्य तेच असेल तर त्या पैशांत तारांचा नवा संच येतो.

घुमण्याचा दोष बेसला देणं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे घुमणारा अँप (ॲम्प्लिफायर) तुमच्याबरोबर जरासा चढा जी वाजवत असतो. जी स्केलमधलं गाणं असलं की हे फार छळतं.

घुमण्याचं निदान हातानेच करायचं. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे, आतल्या खाचेला शील्डिंग, म्हणजे बाहेरची घूं अडवणारं धातूचं अस्तर, कमी पडतंय. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखाली (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात ती पट्टी) जाणारी अर्थची वायर सुटलीये. नवा ब्रिज बसवताना ती लाकडात दबून राहते किंवा गंजून तुटते. हात लावल्यावर घूं वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलटसुलट झाल्यात. जॅझ पद्धतीची बेस दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना शांत आणि एक कमी केला की घुमते, तो दोष नाही. दोन पिकअप एकमेकांची घूं मारतात, म्हणून तशी ती बनवलेली असते. मात्र नवा पिकअप बसवल्यावर दोन्ही मिळून आवाज पोकळ, पातळ येत असेल तर त्यातल्या एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

शील्डिंगला तांब्याची चिकटपट्टी चांगली, पण बऱ्याच पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेत नाही. प्रत्येक जोडावर डाखाचा एक ठिपका द्यायचा. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद लावणारेही आहेत. त्याला साधा डाख धरत नाही. आणि पट्टी लावून झाली की जॅकचं सिग्नलचं टोक तिला टेकत नाही ना ते पाहा, नाहीतर सगळं सुंदर झाकलेलं आणि बेस ठार मुकी.

हे सगळं करूनही मांडवात घूं येतेच, कारण ती बेसमध्ये नसते. जनरेटर, लायटिंगचे डिमर, कुठूनतरी ओढलेली दोन तारांची लाईन. डिमरची घूं करकरीत असते, माशीसारखी. अर्थिंगची घूं जाड आणि मऊ. आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावरच्या घरांचे अर्थिंगचे खड्डे पावसाळ्यात बरे असतात. मार्च उजाडला की कोरडे पडतात, आणि नेमका तेव्हाच शिमगा असतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर घूं उतरलेली मी पाहिली आहे.

आता जी चूक जिवावर येते ती. घूं थांबवायला अँपच्या प्लगची जाड, वरची पिन काढून टाकतात किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरला लावतात. घूं खरंच थांबते. पण तुमच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अँपच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अँपमध्ये काही बिघडलं आणि तो पत्रा फेजला टेकला, तर २३० व्होल्ट तुमच्या बोटांत येतात, आणि ओठ माईकच्या जाळीला लागले की वाट पुरी होते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीत, ऐन स्टेजवर, अर्थ नसलेल्या माईकला हात लागून गेला. आमच्या ओल्या मांडवात तर पायही चिखलात असतात. अर्थ तोडायचाच असेल तर डीआय बॉक्सवरचा (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचा खटका वापरा. तो फक्त सिग्नलची वाट तोडतो, विजेच्या प्लगला हात लावत नाही. मांडवाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच) असल्याशिवाय मी केबल लावत नाही. त्यापायी आयोजकांशी भांडणं झाली आहेत, होऊ देत.

बॅटरीवाल्या बेस

"कालच नवी बॅटरी घातलंय, तरी आवाज फाटता." केबल रात्रभर बेसमध्येच होती ना? ॲक्टिव्ह बेसला वेगळा स्विच नसतो. जॅकमध्ये प्लग गेला की बॅटरी चालू होते आणि प्लग बाहेर येईपर्यंत जळत राहते. वाजवून झालं की केबल ओढा. पावसाळ्यात बेस कपाटात जाणार असेल तर ९ व्होल्टची बॅटरीच काढून ठेवा, फुटली तर आतली पट्टी खाऊन टाकते.

जुलैत ट्रस रॉड फिरवणं

ट्रस रॉड म्हणजे मान सरळ राखणारा तिच्या आतला लोखंडी दांडा. चार तारा मिळून मानेला पाऊणशे किलोच्या आसपास ओढत असतात, म्हणजे तांदळाचं दीड पोतं. त्यात आमची पावसाळी हवा. लाकूड फुगतं आणि मान हलते. कोणत्या बाजूला हलेल हे त्या त्या लाकडावर. पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या पडद्यावर बोट, आणि सातव्या-आठव्यापाशी तार आणि पडदा यांत किती फट राहते ते पाहा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर असली की बास. तेवढी असेल तर तार करकरण्याचं कारण मान नाही, दुसरीकडे शोधा. फिरवायचंच असेल तर एका वेळी पाव फेरा, मग सूर पुन्हा लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. चाकरमानी परत जाताना घाईत दोन फेरे मारून जातात आणि दिवाळीत तीच बेस घेऊन माझ्याकडे येतात.

पाना नेमका हवा. इंचाचा पाना मिलिमीटरच्या नटात जवळजवळ बसतो, आणि त्या 'जवळजवळ'नेच मी माझ्या पहिल्या बेसचा नट गोल केला.

खोबरेल तेल फिंगरबोर्डला लावू नका, ते खवट होतं आणि चिकटतं. काळसर लाकडाला बिनवासाच्या मिनरल ऑइलचे दोन थेंब वर्षातून एकदा पुरेत. वार्निश केलेल्या मेपलला तेवढीही गरज नाही. बेस बॅगेत घालून माळ्यावर टाकणं ही दुसरी हमखास चूक. बॅगेचा स्पंज ओल धरून ठेवतो. बाहेर, वाऱ्यापासून दूर, आतल्या भिंतीला टांगलेली बरी.

तारा

खाऱ्या हवेत तारांचं आयुष्य कमीच. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने वरून आणि खालून पुसल्या तर ते लांबतं. तार लावताना खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर सोडून ती आधी काटकोनात मोडायची आणि मग कापायची. न मोडता कापली तर बाहेरचा पीळ आतल्या गाभ्यावर सुटतो आणि तार मेल्यासारखी वाजते. ब्रिजचे बारीक स्क्रू आगोटीलाच, पाऊस लागायच्या आधी, काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून परत बसवावेत. सप्टेंबरात ते हलत नाहीत. मग बाराव्या पडद्याचा सूर चढा आला तरी सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे सरकवता येत नाही.

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या प्रिसिजनवर जाड, सपाट पिळाच्या तारा लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा मार्ग परवडतो. सपाट पिळात मीठ आणि घाम धरायला खाचा नसतात, आणि भजनाच्या पखवाजाखाली तो बसका, गोल आवाज मला आवडतोही. माझ्या बेसवर सपाट पिळाच्या तारा चढवून सात वर्षं होत आली. जीची तार तेवढी एकदा बदलली, तीही मोडायच्या आधीच कापली म्हणून.