रायझन बदलताय? आधी बायॉस, मग पेचकस

बी-४५० मदरबोर्डवर एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर असेल, तर अख्खा पीसी बदलायची गरज नाही. त्याच एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसायच्या खाचेत) सहा कोरचा रायझन ५ ५६०० बसतो. पण जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा, नाहीतर स्क्रीन काळीच राहील. ५६०० मध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्या.

प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढू नका. दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरही त्याला चिकटून उपटून येतो. पीसी दहा मिनिटं चालवून गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. माझा ओढूनच काढला होता. प्रोसेसरच्या वाकलेल्या दोन पिना सुईने सरळ करण्यात अख्खा रविवार गेला.