कॅट्स्किलच्या कड्यावर आता नसलेलं हॉटेल कसं पाहावं

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्स्किल डोंगरात जाणार असाल, तर आदल्या रात्री नॉर्थ-साउथ लेक या तळ्यांकाठी तंबू टाका आणि जिथे एके काळी कॅट्स्किल माउंटन हाउस हे हॉटेल उभं होतं, तो कडा सकाळी लवकर गाठा. मी पहिल्यांदा भर दुपारी गेले होते. गवत दिसलं, कातळ दिसला, 'इथे काहीच नाही' म्हणत परतले. कडा पूर्वेला तोंड करून आहे. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हाच पाहुण्यांनी कातळात कोरलेली नावं उठून दिसतात. छिन्नीने घडवलेली अक्षरं, अगदी छापील वळणाची! एका अक्षराच्या पोटात शेवाळ साचलं होतं, पण बोट फिरवलं तर कड अजून हाताला लागत होती. इथे घाई करू नका. आपलं नाव मात्र चुकूनही कोरू नका. कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

मग दरीकडे पाठ करून उभे राहा. समोर तेरा उंच खांबांचा व्हरांडा होता. सूर्योदय बघायला पाहुणे तिथेच जमायचे. कॅट्स्किल माउंटन हाउस १८२४ साली सुरू झालं. लोक हडसन नदीतून बोटीने येत आणि पुढे घोडागाडीने डोंगर चढत. १८३९ मध्ये हॉटेल चालवायला घेणाऱ्या चार्ल्स बीच यांच्या घराण्याचा धंदा घोडागाड्यांचाच.

म्हणून माझं सांगणं, या हॉटेलची गोष्ट वाटांवरून समजून घ्या. १८९२ मध्ये दोराने ओढली जाणारी ओटिस रेल्वे आली आणि काही तासांचा चढ दहा मिनिटांवर आला. १९१८ मध्ये ती बंद पडून रूळ भंगारात गेले. पुढे मोटारी आल्या. ट्रंका घेऊन आठवडेच्या आठवडे राहणारी माणसं एका दिवसात डोंगर बघून पुढे निघू लागली. शेवटचा हंगाम १९४१चा. १९५०च्या वादळात काही खांब कोसळले, आणि २५ जानेवारी १९६३ला पहाटे राज्य सरकारनेच उरलेली इमारत जाळून टाकली. मला ते अजून सहन होत नाही. दुरुस्तीपलीकडे गेली होती हे मान्य, तरीही.

निघण्याआधी उत्तरेकडे सनसेट रॉकपर्यंत चढा. चित्रकार थॉमस कोल यांनी १८४४ मध्ये रंगवलेलं तळ्यांचं चित्र मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, तिथे रेंजचा भरवसा नाही. चित्र समोर धरून तळी जुळवा. हॉटेलचा पांढरा ठिपका जिथे येतो, तिथे आता झाडीतली एक मोकळी जागा दिसते.