वर्गात सतत त्रास देणाऱ्या मुलासाठी शाळेने काय करावे

एखादे मूल वर्गात वारंवार मारामारी करते, शिवीगाळ करते, दहा मिनिटेही जागेवर टिकत नाही किंवा दिवसचे दिवस कोणाशी बोलतच नाही, तेव्हा शाळेने सर्वांत आधी एक निर्णय घ्यावा: पुढचे दोन आठवडे त्या मुलाविषयी मत द्यायचे नाही, फक्त नोंद ठेवायची. वर्तनामागे जवळजवळ नेहमीच काही हेतू असतो. मुलाला कोणाचे तरी लक्ष हवे असते, एखादी वस्तू हवी असते, नकोशा कामातून सुटका हवी असते, अथवा गोंगाटाने व गर्दीने कासावीस झालेल्या शरीराला कसेही करून मोकळे व्हायचे असते. हा हेतू कळण्यापूर्वी केलेला उपाय, मग तो प्रेमळ असो वा कठोर, केवळ अंदाजाने केलेला असतो.

नोंदीसाठी साधी वही पुरते. तारीख आणि तास, त्याआधी लगेच काय घडले, मुलाने नेमके काय केले, आणि त्यानंतर शिक्षकांनी व इतर मुलांनी काय केले, एवढेच लिहावे. ‘उद्धटपणा केला’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. ‘फळ्यावरचे गणित सोडवायला बोलावल्यावर वही जमिनीवर फेकली’ असे लिहिले, तर कारणाचा माग लागतो. ही वही फक्त वर्गशिक्षकांची नसावी. खेळाचे शिक्षक, शिपाईकाका आणि मधल्या सुट्टीत पोषण आहार वाढणाऱ्या ताई यांना जे दिसते, ते पुष्कळदा वर्गशिक्षकांना दिसत नाही. ज्या तासाला मूल शांत होते, त्याचीही नोंद हवी, कारण उपायाचा धागा बहुधा तेथेच सापडतो.

समजा, पाचवीतला एक मुलगा मराठीच्या तासाला पुढच्या बाकावरच्या मुलांची दप्तरे ओढतो आणि शिक्षिका त्याला वर्गाबाहेर उभे करतात. नोंदी एकत्र वाचल्यावर दिसते की प्रत्येक वेळी प्रकटवाचन चालू होते आणि त्याची पाळी यायला दोन-तीनच मुले उरली होती. त्याला वाचता येत नाही, आणि ते सगळ्या वर्गासमोर उघडे पडण्यापेक्षा बाहेर उभे राहणे त्याला सोपे वाटते. म्हणजे शिक्षा म्हणून जे केले जात होते, तेच त्याला हवी असलेली सुटका देत होते, आणि म्हणूनच त्याची ती सवय घटण्याऐवजी पक्की होत होती. अशा मुलाची वर्गासमोरची पाळी काही काळ थांबवावी, आदल्या दिवशी दोन ओळी ठरवून त्या त्याने फक्त शिक्षिकेसमोर वाचाव्यात, आणि ‘मला आत्ता जमत नाही’ हे सांगण्यासाठी बाकावर एखादे रंगीत कार्ड ठेवण्याची खूण त्याला शिकवावी. वाचन शिकवण्याची स्वतंत्र सोय मात्र त्याच आठवड्यात सुरू व्हावी. नाहीतर कार्ड हीच नवी पळवाट होते. हेच वर्तन लक्ष वेधण्यासाठी असते, तर उपाय उलट झाला असता: दप्तर ओढण्याकडे शक्य तितके कमी लक्ष आणि शांतपणे काम करत असताना आवर्जून दिलेली दाद.

नोंदी चालू असतानाच मुलाची शारीरिक तपासणी व्हावी. दूरचे न दिसणारे किंवा कमी ऐकू येणारे मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते. काही सेकंद शून्यात पाहत राहणे, हाकेला ओ न देणे आणि मग काहीच न घडल्यासारखे लिहू लागणे, हा अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. थकवा, अंगदुखी आणि वारंवारची गैरहजेरी यांना आळशीपणा समजण्याआधी पालकांना याबाबत विचारावे. अशा मुलांच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. मार्च-एप्रिलच्या नागपुरी उन्हात, शाळा सकाळची असली तरी, कोणत्याही मुलाला तासाच्या मध्ये पाणी प्यायला किंवा लघवीला जाण्यास मनाई करू नये. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत येतात, तेव्हा आपली चिंता त्यांना लेखी द्यावी. अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, यांचाही त्या तपासणीत समावेश आहे.

घरी छत्तीसगढी, गोंडी किंवा हिंदी बोलणारे मूल मराठी वर्गात गोंधळलेले दिसले, तर त्याला सूचना कळते की नाही, हे आधी पाहावे.

वर्गातले बदल लहान पण रोजचे असावेत. एका वेळी एकच सूचना द्यावी. दिवसाचे वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे, आणि तास बदलण्याआधी दोन मिनिटे पूर्वसूचना द्यावी, कारण अनेक भांडणे अशा मोकळ्या वेळेतच पेटतात. ज्या मुलाला बसवत नाही, त्याला वह्या वाटणे, फळा पुसणे अशी उठण्याची कामे द्यावीत. ‘शाब्बास’ एवढेच न म्हणता ‘राग आला होता, तरी तू हात उचलला नाहीस’ असे नेमके सांगावे. परिपाठानंतर आणि शाळा सुटताना दोन मिनिटे त्याची विचारपूस करणारी एक ठरलेली मोठी व्यक्ती असावी. माझ्या मते या साऱ्यात सर्वांत परिणामकारक हीच गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

मूल भडकलेले असताना समजावणे व्यर्थ असते. आवाज खाली आणावा, कमी बोलावे, इतर मुलांना बाजूला घ्यावे आणि त्याला मोकळी जागा द्यावी. तो शांत झाल्यावर, एकट्यात, काय झाले ते आधी त्याच्याकडून ऐकावे. ज्याला मार लागला, त्या मुलाकडेही तितकेच लक्ष द्यावे आणि झालेले नुकसान भरून काढण्याची संधी मारणाऱ्यालाही द्यावी. फाटलेली वही दोघांनी मिळून चिकटवणे हे अंगठे धरून उभे राहण्यापेक्षा पुष्कळ काही शिकवते.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पालकांना बोलावून ‘तुम्हीच टीसी काढून न्या’ असा दबाव आणणे हा त्याच तरतुदीला दिलेला वळसा आहे, आणि तो कोणत्याही शाळेने घेऊ नये.

पालकांशी पहिली भेट तक्रारीसाठी नसावी. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या किंवा कळमना बाजारात पहाटे हमालीला जाणाऱ्या आईवडिलांना दुपारी बारा वाजता बोलावून ‘पालक येतच नाहीत’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. वेळ त्यांना विचारून ठरवावी. आधी मुलाचे काय चांगले आहे ते सांगावे, मग वही दाखवावी, आणि घरी झोप, खाणे, मोबाइल, भांडणे, आजारपण, कोणाचे निधन, यांपैकी अलीकडे काय बदलले ते विचारावे. डायरीतून रोज फक्त तक्रार घरी गेली, तर मुलाला घरी मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी ते अधिक बिथरून येते.

सहा ते आठ आठवडे असे प्रयत्न करूनही फरक नसेल, तर तज्ज्ञांकडे पाठवावे. निदान शिक्षकांनी करू नये. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून, किमान सहा महिने आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, म्हणून शाळेची वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी पालकांना बोलवावे, मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते शाळेच्या नावासाठी दडपता येत नाही. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे.

वर्ष संपताना जुन्या व नव्या वर्गशिक्षकांनी अर्धा तास एकत्र बसून वहीतले उपयोगी पडलेले उपाय पाहावेत. मुलाच्या घरची माहिती मात्र शिक्षक-कक्षातल्या गप्पांत जाऊ नये. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्याच आठवड्यात नव्या वर्गशिक्षकांनी मुलाशी एकट्याने बोलून घ्यावे, आणि सकाळ-संध्याकाळ विचारपूस करणारी व्यक्ती शक्यतो तीच ठेवावी.