पावसाळा सरताना टिलर, ग्रासकटर आणि स्प्रे पंपाची निगा

चिखलणी आटोपली की टिलर मांगरात जातो. गणपतीच्या आधी पाणंद आणि आवार बेणून झालं की ग्रासकटर पडवीच्या खुंटीला लागतो. स्प्रे पंप तर मागच्या हंगामापासून ताडपत्रीखालीच आहे. आता आश्विन लागला, हळवी भातं कापणीला आली, आणि आंब्याच्या कलमांवरची पहिली फवारणीही फार लांब नाही. नेमका त्या दिवशी पंप सुरू होत नाही आणि मिस्त्रीकडे गावातले सगळे पंप आधीच रांगेला असतात. खंडेनवमीला यंत्राला हार घालणारच आहात, तर त्याआधी दोन दिवस काढून ही कामं उरका.

आपल्याकडची छोटी इंजिनं झिजून जेवढी जातात, त्यापेक्षा पडून राहून जास्त जातात. चार महिने दमट हवा, खाडीकाठी खारा वारा आणि टाकीत विसरलेलं पेट्रोल. यातलं पेट्रोल सगळ्यात वाईट.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि टाकीच्या तळाला जाऊन बसतात. ग्रासकटरची नळी तळातूनच इंधन ओढते. ग्रासकटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑईलची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑईल हेच पिस्टनचं वंगण. ते ऑईल राहतं वरच्या थरात, पेट्रोलसोबत. म्हणजे इंजिनाच्या पोटात जातं ते बिनऑईलचं पाणचट इंधन. माझ्या ग्रासकटरचा पिस्टन असाच धरला. गणपतीत उरलेलं मिश्रण दिवाळीनंतर तसंच वापरलं, मशीन सुरूही झालं, चार कलमांखालचं गवत काढलं आणि आवाज बदलून जागच्या जागी थांबलं. दोरी ओढली तर हलेना. सिलिंडर-पिस्टन दोन्ही बदलावे लागले.

टाकीत जुनं मिश्रण असेल तर ते काचेच्या पारदर्शक बाटलीत ओता आणि पाव तास हलवू नका. टू-टी ऑईल रंगीत असतं. वर रंगीत आणि तळाशी बिनरंगी थर दिसला, तर ते इंधन इंजिनाच्या कामाचं राहिलं नाही. थर दिसला नाही तरी दोन महिन्यांचं शिळं मिश्रण मी तरी घालत नाही. नवीन करताना लागेल तेवढंच करा. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं: 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. अंदाजे झाकणं मोजू नका, औषधाच्या मापाने घाला. आणि टू-टी संपलं म्हणून मोटारसायकलचं इंजिन ऑईल ओतायचं नाही. ते जळायला बनवलेलंच नसतं.

ठेवताना टाकी रिकामी करा, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपेल. स्प्रे पंपासारख्या चार-स्ट्रोकला पेट्रोलचा कॉक बंद करून तेच करा आणि शेवटी कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब गाळा. वाटीत पेट्रोल सुकलं की चिकट खळ तयार होते आणि जेटचं बारीक भोक बुजतं. चोक ओढल्यावरच चालतं, चोक सोडला की मरतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हेच कारण.

मग प्लग काढा आणि त्याचा रंग बघा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर आधी एअर फिल्टर बघा. तिथे गवताचा भुसा भरलेला सापडेल. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळवटू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत सुकवा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडा, दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढा आणि प्लग बसवा. चार-स्ट्रोकला प्लग बसवल्यावर दोरी पुन्हा अलगद ओढा आणि हाताला जड लागेल तिथे सोडून द्या. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत शिरत नाही.

आता स्प्रे पंप. त्याच्या चार-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. पावसाळाभर पडून असेल तर तास मोजत बसू नका, बदलाच. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट झाल्यावर गाळा, म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. नवीन ऑईलची पातळी बघताना मशीन सपाट जागी हवं. बऱ्याच इंजिनांत ऑईल मोजायची कांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बघितलं की पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

उतारावरच्या बागेत आणखी एक गंमत होते. ऑईल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर तिरक्या जागी पुरेसं ऑईल असूनही इंजिन बंद पडतं. लोक कार्बोरेटर खोलतात. आधी दोन चिरे लावून पंप सपाट करा.

इंजिनाशिवाय पंपाच्या भागालाही स्वतःचं ऑईल असतं, हे अनेकांच्या गावीच नसतं. ते ताकासारखं पांढुरकं दिसलं तर सील गेलं, पाणी आत येतंय. पंप कोरडा फिरवू नका, पॅकिंग जळतात. फवारणी झाल्यावर पाच मिनिटं स्वच्छ पाणी फिरवायचं, दर वेळी.

टिलरची गोष्ट उलटी. त्यात डिझेल असतं, म्हणून टाकी रिकामी ठेवू नका, काठोकाठ भरा. अर्धी टाकी आतून घामेजते आणि ते पाणी तळाला जाऊन नोझल गंजवतं. डिझेल संपून बंद पडला असेल तर नळीतली हवा काढल्याशिवाय सुरू होणार नाही. रेडिएटरमध्ये मचूळ विहिरीचं पाणी घालू नका. पागोळीचं धरलेलं, गाळलेलं पावसाचं पाणी चालतं. हवा गाळणाऱ्या ऑईल-बाथ फिल्टरमधलं काळं ऑईल बदला. खाजणात, म्हणजे खाऱ्या जमिनीत, चालवला असेल तर गोड्या पाण्याने धुवा, पाती आणि बोल्टांत बसलेला चिखल खरवडून काढा, पट्टे सैल करा. गाळलेलं जळकं ऑईल पात्यांना फासायला चांगलं, पण उरलेलं पोफळीच्या दांडात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, आणि मग इंजिन गुदमरतं. पंख्याच्या जाळीखाली उंदराने कापूस-पेंढा साठवलेला असतो, तोही काढा. आणि दार लावलेल्या मांगरात इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

ऑईल बदललं की टाकीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. पुढच्या वेळी दोरी ओढणारा मुंबईहून आलेला पुतण्या असतो, आणि त्याला यातलं काही सांगायला आपण नेमके बाजारात गेलेलो असतो.