फौंड्रीतलं काम सुटलंय? कुठंही सही करायच्या आधी या चुका टाळा

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ (आयातकर) लावला, तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चहाच्या गाड्यावर एकच विषय, कुणाची एक्स्पोर्टची ऑर्डर थांबली, कुठं एक पाळी बंद झाली आणि कुणाला घरी बसवलं. आमचे दाजी 12 वर्षं फौंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला होते, त्यांचंही काम गेलं, आणि त्यांच्या कागदांसाठी हेलपाटे मारताना जे कळलं ते लिहितोय. दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान वाचावं एवढंच.

पहिली चूक म्हणजे "टॅरिफमुळं काम गेलेल्यांची योजना" शोधत बसणं. अमेरिकेत तशी वेगळी योजना होती, परदेशी मालामुळं नोकरी गेली की तीन कामगार मिळून अर्ज करायचे आणि ट्रेनिंग, भत्ता मिळायचा, 1962 पासून चालू होती, पण 1 जुलै 2022 पासून तिथंसुद्धा नवीन अर्ज मंजूर करणं बंद झालंय. आपल्याकडं तसलं काही नाही. आपल्याकडं काम कशामुळं गेलं याला कुणी विचारत नाही, कागदावर ते *कसं* सुटलं हे बघतात.

आणि इथंच सगळ्यात मोठी चूक होते. राजीनामा!

दाजींना ऑफिसात बोलावलं, सांगितलं राजीनामा द्या म्हणजे हिशोब लवकर निघेल, पुढं ऑर्डर आली की तुम्हालाच आधी बोलावतो, आणि टाइप केलेला कागद पुढं ठेवला, दाजींनी न वाचता सही केली. कंपनीनं स्वतःहून कमी केलं असतं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा पगार नुकसानभरपाई द्यावी लागली असती. महिना 15,000 धरला तर 12 वर्षांचे साधारण 90 हजार. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार कायदा लागू झालाय, त्यात कपात झालेल्या, म्हणजे कंपनीनं कमी केलेल्या कामगाराला नवीन काम शिकायला म्हणून आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांच्या आत मिळायची तरतूद आहे. राजीनामा दिला की यातलं काही नाही. ग्रॅच्युइटी तेवढी कुठं जात नाही, 5 वर्षं झाली असली की राजीनामा दिला तरी मिळते (बेसिक-डीए 10,000 असेल तर 12 वर्षांचे 69 हजारांच्या आसपास), त्यामुळं "सही केली नाहीस तर ग्रॅच्युइटी अडकेल" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कागद घरी नेऊन वाचतो म्हणा. कोऱ्या कागदावर तर अजिबात सही नको.

आता ईएसआय, म्हणजे पगारातून हप्ता जातो तो कामगार विमा. बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त दवाखान्याचं कार्ड आहे. तसं नाही, काम सुटल्यावर पैसे देणाऱ्या दोन योजना त्यात आहेत आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे जास्तीत जास्त 90 दिवस मिळतात, आयुष्यात एकदाच, 15,000 पगारवाल्याला सगळे मिळून 22 हजारांच्या घरात. काम सुटून 30 दिवस झाल्यावर अर्ज करायचा, कामगार स्वतः ऑनलाइन करू शकतो. गैरवर्तनाची शिक्षा, रिटायरमेंट किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) असेल तर मिळत नाही. या योजनेची मुदत सरकार थोडी थोडी वाढवत आलंय, म्हणून आधी ईएसआयच्या ब्रँचला विचारून घ्या. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, ती कारखाना बंद पडला, कायदेशीर कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच, पण 24 महिन्यांपर्यंत, पहिलं वर्ष पगाराच्या निम्मे, पुढच्या वर्षी पाव, आणि तोवर घरच्यांचा दवाखानाही चालू राहतो. दोन्हीला किमान 2 वर्षांची ईएसआय नोंद लागते, आणि दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

अर्ज अडकतो कुठं? एक, कंपनी दर महिन्याला ईएसआय भरताना कामगाराच्या नावापुढं कारण टाकते, तिथं "कपात" ऐवजी "नोकरी सोडली" टाकलेलं असतं. ते आधी तपासा, चुकीचं असेल तर कंपनीला लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. दोन, अटल योजनेला शेवटच्या सहामाहीत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) किमान 78 दिवस भरलेले लागतात. ऑर्डर कमी झाली की महिन्याला 10-12 दिवसच बोलावतात, मग सहा महिन्यांत 60-70 दिवस भरतात आणि माणूस काठावरून बाहेर पडतो, हे लई वाईट वाटतं बघायला. ज्या कारखान्यात 50 किंवा जास्त कामगार आहेत तिथं वर्ष पूर्ण झालेल्याला बसवून ठेवलेल्या दिवसांचे बेसिक-डीएच्या निम्मे पैसे द्यावे लागतात, ते मागा आणि हजेरी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. तीन, आधारवरचं नाव, बँक खातं, जुना मोबाईल नंबर. हे काम असतानाच नीट करून घ्या.

पीएफ पण घाईत सगळा काढू नका. पेन्शनला 10 वर्षं लागतात, कुणाची 7-8 वर्षं झाली असतील आणि पेन्शनचे पैसे काढले तर ती वर्षं गेली, त्यापेक्षा 10सी फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या वर्षांचा दाखला) घ्या, पुढच्या नोकरीत जोडता येतं. कंपनी सोडल्याची तारीख टाकत नसेल तर शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिन्यांनी आपल्याला पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. ठेकेदाराकडच्यांनी पण गप्प बसू नका, ठेकेदारानं पीएफ-ईएसआय भरलं नसेल तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, फक्त तिथं काम केल्याचा पुरावा पाहिजे, गेटपास, पगाराची चिठ्ठी, काहीही.

आणि सही आधीच झाली असेल तर? सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, राजीनामा दबावानं घेतला म्हणून, कधी, कुठं, कोण कोण होतं ते सगळं लिहा, आणि त्याच आठवड्यात द्या. दाजींनी चौथ्या महिन्यात दिली. त्या दिवशी ऑफिसात त्यांच्याबरोबर उभे असलेले दोघं तोवर कामाला चाकणला गेले होते, आणि त्यांना आता फोन केला की म्हणतात, सुट्टी मिळत नाही.