ब्लास्ट की प्रोमायलोसाइट? मॅरो मोजायला बसणाऱ्यांसाठी

अस्थिमज्जेत, म्हणजे मॅरोत, न्यूट्रोफिल पिकत जातो तो क्रम तुम्हाला पाठ आहे असं धरतो: मायलोब्लास्ट (थोडक्यात ब्लास्ट), प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड. पाय घसरतो तो दुसऱ्याच पायरीवर.

पेशी पिकते तशी लहान होत जाते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ब्लास्ट साधारण 12 ते 20 मायक्रॉनची, आणि प्रोमायलोसाइट बहुधा तिच्याहूनही मोठी. उतरण त्यानंतरची. शिवाय न्यूक्लिओलस (न्यूक्लियसमधला ठिपका) प्रोमायलोसाइटमध्येही दिसतो. म्हणजे ‘मोठी आणि न्यूक्लिओलसवाली’ एवढ्यावर काउंटरवरचं ब्लास्टचं बटण दाबलंत तर फसलात. जी-सीएसएफची (न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं चालू असलेल्या रुग्णाच्या मॅरोत प्रोमायलोसाइटची गर्दी असू शकते. तिथे हीच चूक नसलेला ल्युकेमिया रिपोर्टात आणते.

न्यूक्लियस बाजूला ठेवा, आधी सायटोप्लाझम वाचा. ऑइल लेन्सखाली फाइन फोकस किंचित वर-खाली फिरवत राहा. प्रोमायलोसाइटचे जांभळट-लाल ग्रॅन्यूल न्यूक्लियसच्या अंगावरही सांडलेले दिसतात. न्यूक्लियस कडेला सरकलेला, त्याला लागून फिकट डाग: ती गॉल्जीची जागा.

ग्रॅन्यूल दिसत नाहीत? लगेच ब्लास्ट म्हणू नका. मॅरोची स्लाइड रक्ताच्या स्लाइडपेक्षा दाट. लीशमन रंगाला तेवढाच वेळ दिला तर रंग कच्चा राहतो. बफरचा पीएच 6.8 आहे ना, तेही तपासा. शेजारचे न्यूट्रोफिलही कोरे दिसत असतील तर पहिला संशय रंगावर घ्या आणि दुसरी स्लाइड रंगवा.

आता उलटी बाजू, आणि इथे चूक खरंच महागात पडते. एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) मधल्या विकृत प्रोमायलोसाइट ब्लास्टबरोबरच मोजायच्या. या ल्युकेमियाच्या एका प्रकारात ग्रॅन्यूल जवळजवळ दिसतच नाहीत, न्यूक्लियस मात्र दोन पाळ्यांचा असतो. नुसता संशय आला तरी रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, वॉर्डात फोन करा. हे रुग्ण रक्तस्रावाने फार लवकर जातात.

मोबाइलवरचे निवडक फोटो पाहून डोळा तयार होत नाही. पेशीवर बोट ठेवून नुसतं नाव सांगणारा सीनियरही फारसा उपयोगाचा नाही, ‘का?’ विचारणारा शोधा. 500 पेशी स्वतः मोजा, मग त्याच्या आकड्यांशी ताडून बघा.

बाकी फार धास्ती घेऊ नका. न्यूक्लियसची खाच त्याच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा कमी तर मेटामायलोसाइट, जास्त तर बँड. तिथे दोन-चार पेशी इकडच्या तिकडे झाल्या तरी निदान बदलत नाही.