परसबागेतल्या घुशी: या चुका टाळा

रताळ्याचा वेल वरून हिरवागार, आणि खणायला जावं तर खाली नुसती कुरतडलेली सालं. वाफ्याच्या कडेला ताज्या उकरलेल्या मातीचा ढीग. घूस आली की लोक घाबरून त्याच त्या चुका करतात.

सगळ्यांत वाईट चूक विषाची. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या दुकानात सहज मिळतात. त्या विषाने रक्त गोठत नाही, पण घूस मरायला चार-पाच दिवस लागतात आणि तोवर ती मलूल होऊन उघड्यावर हिंडते. तिला खाणाऱ्या घुबडाच्या पोटातही ते विष जातं. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारी वड्या टाकल्या होत्या. आठवड्याभरात आमच्या टाकीमागे गव्हाणी घुबड मरून पडलेलं सापडलं, चोचीपाशी सुकलेलं रक्त. तपासणी कुणी केली नाही, पण मला शंका उरली नाही. पलीकडच्या पडक्या वाड्यात त्यांची जोडी होती. दुसरं पुन्हा दिसलं नाही, आणि त्या पावसाळ्यात घुशींनी माझं सुरण एक ठेवलं नाही.

दुसरी चूक, दिसेल ते बीळ दगड-सिमेंटने बुजवणं. घूस हातभर अंतरावर नवं तोंड काढते. मी संध्याकाळी सगळी तोंडं मातीने हलकी लिंपून घेते. सकाळी जे उकरलेलं दिसेल ते चालू बीळ, पिंजरा तिथेच. तोही लगेच लावायचा नाही. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून तीन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवायचं, आत सुका बोंबील किंवा भजं. ते खाऊन जाऊ लागली की चौथ्या रात्री दार सोडायचं. पहिल्या रात्री काही सापडलं नाही म्हणून पिंजरा माळ्यावर टाकून वड्या आणायला धावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तीन रात्री थांबायला काय जातं?

बिळात पाण्याचा पाइप सोडू नका, कंपाउंडच्या भिंतीखालची माती खचते. डांबरगोळ्या आणि तिखटावर पैसे घालवू नका. बीळ उकरताना, पिंजरा धुताना हातमोजे घालाच. घुशीच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो.

कंद लावण्याआधी वाफ्याच्या तळाशी आणि चारी कडांना अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी घाला. माझ्या हळदीला तेव्हापासून दात लागलेला नाही.

आणि धामण मारू नका, हा बिनविषारी साप घुशी-उंदीर खातो. आमच्या विहिरीच्या कठड्यापाशी एक असते. ती दिसली की मी मुलांना आत बोलावते, काठी कुणाला घेऊ देत नाही.